साखळीत साखळी

साखळीत साखळी उघडली, हा विनोद
पहिल्याच आठवड्यात शिळा झाला.
नगरपालिकेच्या शिपायाने केला, भटजींनी केला,
मीही केला, दोनदा.

आधी तिथे टिपरच्या टायरांचं दुकान होतं.
खाणी बंद पडल्या, टायर संपले,
पाटी वर्षभर एका कोपऱ्यावर लोंबत राहिली.
आता काच आहे. काचेमागे थंडी आहे.
आणि आमची उन्नती, डोक्यावर टोपी, छातीवर नावाची पट्टी,
मला हिंदीत विचारते,
"सर, कॉम्बो करें?"
सर म्हणे!
हिच्या बारशाचा शिरा मी ढवळलाय.

चाळीस वर्षं मी पातळ भाजी केली.
नारळ महागला की रस आणखी पातळ,
गिऱ्हाईक समजून गप्प.
चव रोज वेगळी. लोक म्हणत, हाताचा गुण.
मी म्हणे, स्टोव्हचा.
इथे चव हलत नाही.
म्हापशात, मडगावात, विमानतळावर
तोच बटाटा, तेवढाच लांब, तेवढाच खारट.
पहिल्यांदा खाल्ला तेव्हा राग आला.
दुसऱ्यांदा, खरं सांगतो, भूक होती.

दुपारी तीनला फार्मसीच्या पोरी असतात,
एका कोल्ड्रिंकमध्ये तीन स्ट्रॉ.
पगार झाला की वसाहतीतले ओडिशाचे मुलगे.
बँकेतून निवृत्त झालेले शिरोडकर,
त्यांना फक्त संडास हवा असतो.
कोणी कोणाला उठवत नाही.
आमच्या हाटेलात पाटी होती :
विनाकारण बसू नये.
अक्षर माझंच.

परवा झिलूचा नातू खिडकीपाशी बसला होता,
बूट काढून, पाय समोरच्या खुर्चीवर,
कागदी कप ओठाला.
मला तो खिळा आठवला.

हाटेलाच्या मागल्या दाराशी, वडिलांच्या वेळी,
खिळ्याला एक कप टांगलेला असे, कान तुटका.
झिलू यायचा, कप काढायचा, स्वतःच विसळायचा.
मी वरून चहा ओतायचो, हात उंच धरून.
सात वर्षांचा होतो. नेम चांगला होता.
थेंब सांडला नाही की वडील पाठ थोपटत.
तो कप कधी गेला,
कोणी फेकला, की नुसताच फुटला,
यावर आमच्या घरात कोणी बोललं नाही.
खिळा मात्र हाटेल विकेपर्यंत होता,
चार वेळा भिंतीबरोबर रंगवलेला.

इथला कप पिऊन झाला की डब्यात.
त्याचाही, माझाही.
हे मी कौतुकाने सांगत नाही.
या कपाला कुणाचीच ओळख नाही,
उन्नतीलाही माझी नसते, नऊ ते सहा.
पण कधी ओळख नसणं कुणाला केवढं सुखाचं
हे मला सत्तरीत कळावं,
तेही एकशे एकोणपन्नास रुपयांत!

तेवढ्यात लाईट गेली.
यंत्रांच्या शिट्या गप्प.
उन्नती कढईपुढे उभी, नजर घड्याळावर,
घड्याळ काळं.
काउंटरच्या आत मला मज्जाव.
पण तेल ऐकू येत होतं :
आधी तडतडाट, मग कुजबुज,
मग बाई मध्येच काही आठवून थांबावी तसं.
"काड गो," मी म्हटलं.
तिने जाळी उचलली. अंधारातही दिसलं,
बरोबर जमले होते.

जनरेटर घरघरला, दिवे आले,
आणि वेळ न मोजलेला तो सगळा बटाटा
तिने नियमाप्रमाणे कचऱ्यात ओतला.
माझ्याकडे न बघता.
मग बघितलं.

नवे तळून यायला चार मिनिटं लागली.
त्याचा नंबर चाळीस, माझा एकेचाळीस.
झिलूचा नातू बूट शोधत उठला.
मी थांबलो.